पाठमोरा हुंकार

"नैसर्गिकपणे बोला" असं कुणाला सांगून बघा. समोरचा माणूस ताबडतोब मुका होतो. त्यातून तो मे महिन्यात, भूममध्ये, पंखा बंद असलेल्या खोलीत, डोक्याला चिकट लगदा लावून वायरींची टोपी घालून बसलेला असेल तर विचारूच नका. मला हे वाक्य दिवसभर म्हणावं लागायचं. ते माहितीपत्रकात लिहिणाऱ्या माझ्या मार्गदर्शक बाई मात्र पुण्यात एसी लावून बसलेल्या असायच्या.

आमचं काम काय ते आधी सांगते, कारण ते मला प्रत्येकाला सांगावं लागलं आणि प्रत्येकानं ते चुकीचंच ऐकलं. मेंदूचा अभ्यास म्हणजे पूर्वी एका माणसाला एकट्याला यंत्रात झोपवायचं, हलू नको म्हणून दटावायचं, डोळ्यांपुढे अनोळखी चेहऱ्यांचे फोटो धरायचे आणि त्यावरून माणसं एकमेकांशी कशी वागतात ते ठरवायचं. पण माणूस काय फोटोशी संसार करतो? म्हणून आता दोघांना एकदम बसवतात. दोघांच्या डोक्यावर टोप्या, टोपीत बारीक बारीक गोल चकत्या, आणि दोघांच्या मेंदूतल्या विजेची चढउतार एकाच घड्याळावर नोंदली जाते. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. ऐकणाऱ्याचं लक्ष खरंच असेल तर त्याच्या मेंदूची चढउतार बोलणाऱ्याच्या मागोमाग जाते, कधी कधी पुढचं ओळखून जरा आधीच पोचते, असं आमच्या शास्त्राचं म्हणणं आहे. ते किती होतं, कधी होतं, समोरासमोर बसल्यावर होतं तसं पाठीला पाठ लावून बसल्यावरही होतं का, हे आम्ही बघत होतो.

प्रयोगशाळेत येणारी सगळी कॉलेजची पोरं. बाईंना गावाकडच्या, वयस्कर, वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत आलेल्या जोड्या हव्या होत्या. मी भूमची. घर आहे, घराला पुढची खोली आहे, चहाला आई आहे. मला वाटलं, सुट्टीही होईल आणि कामही होईल. असा विचार करणाऱ्या माणसाच्या डोक्याला खरं तर आधी टोपी घालून बघायला पाहिजे.

पहिल्याच दिवशी खव्याची भट्टी असलेल्या घरातल्या दोघी जावा आल्या. दोघींच्या केसांना चापूनचोपून तेल. तेलावर चकती टिकत नाही हे मी सांगितलं होतं, पण कुणाच्या घरी जायचं तर बिनतेलाचं कसं जायचं, म्हणून त्यांनी रोजच्यापेक्षा जास्तच लावलेलं. शाम्पूनं डोकी धुऊन घेण्यात सकाळ गेली. मग थोरलीनं बोलायला सुरुवात केली, त्यांची म्हैस कशी आटली त्याबद्दल. धाकटीला मी बजावलं होतं, फक्त ऐकायचं, आवाज काढायचा नाही, जबडा हलवायचा नाही. थोरली दोन वाक्यं बोलली आणि थांबली.

"झोपली का गं?" तिनं विचारलं.

धाकटी आज्ञाधारक. गप्प.

"रुसलीस व्हय?"

तरी गप्प. थोरलीनं टोपी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बाई, ही हूं बी म्हणंना. मी काय भिताडाशी बोलू?"

पुढच्या जोडीचं तेच. त्याच्या पुढच्या जोडीचंही तेच. आमच्याकडे हुंकाराशिवाय कुणी बोलूच शकत नाही, हे मी जन्मापासून ऐकत आले आणि माहितीपत्रकाचं मराठी भाषांतर करताना मला एकदाही आठवलं नाही. सांगणाऱ्यानं वाक्य टाकायचं, ऐकणाऱ्यानं हूं म्हणून ते उचलायचं. हूं आला नाही तर पुढचं वाक्य टाकायचं कुठं?

मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "जबड्याचे स्नायू हलले की सगळा आलेख गढूळ होतो. त्यांना नीट समजावून सांग ना."

"बाई, मी समजावून सांगितलं तर त्यांना समजतं. पण त्या बोलत नाहीत."

"मग त्यांना रिलॅक्स कर."

इथं मी फोन कानापासून लांब धरला आणि जे बोलायचं ते भिंतीला बोलले. बऱ्याच फोनांनंतर तोडगा निघाला. हुंकार चालेल, पण प्रत्येक हुंकाराला मी संगणकावर एक बटण दाबायचं, म्हणजे तेवढा तुकडा नंतर वेगळा काढता येईल. मेंदूशास्त्रात इतकी वर्षं घालवून मी शेवटी भूममध्ये हूं मोजणारी बाई झाले.

आणि याच सगळ्यात आईनं बॅग भरली.

माझं काम संपलं की ती माझ्याबरोबर पुण्याला येणार होती. पाहुणी म्हणून नव्हे, कायमची. तिनं हे मला सांगण्याआधी गल्लीला सांगितलं होतं. बॅग कपाटाशेजारी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी ठेवलेली.

"ह्या माणसाशी बोलून बोलून माझं तोंड दुखलं," ती म्हणाली. "पहिलं भांडायचे तरी. आता काय बी सांगा, नुसतं हूं. घर पडलं म्हणलं तरी हूं. पेपर वर अन् हूं."

हा माणूस म्हणजे माझे वडील, आण्णा. शाळेत गणिताचे मास्तर होते. निवृत्त होऊन बराच काळ झाला, पण गल्लीत अजून मास्तरच. मास्तर कुणाचं ऐकत नाहीत हे सगळ्या भूमला माहीत होतं. वर्गात त्यांनी जन्मभर एकट्यानं बोलायचं काम केलं, त्यांना ऐकायची सवय कुठून असणार, असं आम्ही सगळेच म्हणायचो. मी पुण्याहून फोन केला की ते दोन शब्द बोलून "घे, आईशी बोल" म्हणत फोन आईकडे द्यायचे. सगळ्यांचेच वडील असं करतात. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही, उलट राग यायचा.

आता आईला टोप्यांचं कळलं होतं. एका दुपारी मी वायरी पुसत बसले असताना ती समोर येऊन बसली.

"तुझ्या मशिनीत ऐकणाऱ्याचं ध्यान हाय का न्हाय ते कळतं म्हणतीस."

"तसं नाही आई."

"तूच म्हणलीस त्या जावांना."

"आई, एका जोडीवरून काही कळत नाही. खूप जोड्या घ्यायच्या, सगळ्यांची सरासरी काढायची, मग कुठं थोडंसं काही दिसतं. तेही दिसलं तर."

"मला सरासरी नगं. मला हे एक माणूस पाहिजे. ऐकतेत का न्हाय, तेवढं सांग. ऐकत असतील तर ऱ्हाते. नसतील तर येते तुझ्याबरोबर."

कपाळाला हात लावायचा राहिला होता, तोही लावला. मी वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितलं. यंत्र खरंखोटं करत नाही. यंत्र नवराबायकोचा निवाडा करत नाही. आई सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "मग कवा बसवतीस आमाला?"

आण्णा बसायला तयार नव्हते. "माझ्या डोक्यावर केस नाहीत, तुझी टोपी काय करणार?" म्हणाले. टक्कल म्हणजे आमच्या धंद्यात सोनं, हे मी सांगितलं. मग म्हणाले, तुझ्या नोंदीत खरखर नको म्हणून पंखा बंद ठेवला तर चक्कर येते. मग म्हणाले, शाळेच्या पेन्शनीचं काम आहे. पेन्शनीचं काम नव्हतं. ते इतके का टाळताहेत ते मला कळेना, आणि आईला मात्र ते फार चांगलं कळत होतं, म्हणजे तिला तसं वाटत होतं.

"बगितलं?" ती म्हणाली. "पकडले जातील म्हणून भ्यायलेत."

शेवटी तिनं बॅग उचलून दारात ठेवली, आणि आण्णा निमूटपणे खुर्चीवर येऊन बसले.

आधी समोरासमोर. आईला विषय द्यायची गरज नव्हती. तिनं अणदूरच्या मावशीच्या सुनेपासून सुरुवात केली, तिथून खंडोबाच्या यात्रेत हरवलेल्या चपलेवर आली, तिथून कांद्यावर. आण्णा तिच्याकडे टक लावून बघत होते. हूं. वाक्य संपलं की हूं. गोष्ट वळली की जरा लांब हूं. चप्पल सापडली तिथं हसून हूं. एकही चुकला नाही. मी बटण दाबत होते आणि मनातून आईवर चिडत होते. हा माणूस ऐकत नाही म्हणे! इतका चांगला ऐकणारा मला त्या महिन्यात दुसरा मिळाला नव्हता. आईचा चेहराही पडलेला. इतक्या तक्रारी गल्लीभर करून ठेवल्यावर नवरा असा मन लावून ऐकायला लागला तर बाईनं करायचं काय?

मग मी खुर्च्या फिरवल्या. पाठीला पाठ.

आईनं एकदा मान वळवून मागं बघितलं. मी मान डोलावून सुरू कर म्हणाले. ती पुन्हा कांद्यावर आली, मग दळणावर. मागून हूं येत होता. मग तिनं माझ्याकडे बघितलं, खाली बघितलं, आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "तोंड दिसंना, ते बरंय. एक सांगते. ऐकायलात न्हवं?"

"हूं."

"ती बॅग म्या भरली खरी. पण मला पुण्याला जायचं न्हाय. तिथं कुणाशी बोलू? लेकीला आपल्याशी बोलायला टाइम न्हाय, तिला मशीन हाय. माझं सगळं इथं हाय. तुमी एकदा म्हणा, जाऊ नको. एवढंच म्हणा. मी आत्ता उठून ती बॅग माळ्यावर टाकते."

"हूं," आण्णा म्हणाले.

कांद्याला म्हणाले होते तसाच. गोड, समाधानी हूं.

आईनं ओठ घट्ट मिटले. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि टोपीच्या पट्ट्यावर जाऊन थांबलं. माझा असा संताप झाला की मी उठून काहीतरी बोलणारच होते. इतक्यात मागून पुन्हा आवाज आला.

"हूं."

कुणी काही बोललं नव्हतं. आई गप्प होती, मी गप्प होते, बाहेर रस्तासुद्धा उन्हानं गप्प होता. आण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, हात मांडीवर ठेवून बसले होते. आईला एक वाक्य बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला.

"हूं."

पुन्हा तेवढाच वेळ. मग जरा लांब, गोष्ट वळल्यासारखा, "हूंऽ". मग हसून एक. न बोललेल्या गोष्टीला त्यांचे हुंकार पडत होते, आईच्या बोलण्याच्या चालीवर, एकही ठेका न चुकता. माझं बोट सवयीनं बटण दाबत होतं. आईनं माझ्याकडे बघितलं. मला कळलं आणि तिलाही कळलं, पण दोघींनाही हलता येईना. ते तसेच हूं म्हणत राहिले.

मी उठून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "आण्णा, तुम्हाला ऐकू येत नाही?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. वर्गात फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिल्यावर मुलं बघतात तसं. मग वायरींसकट मागं वळले आणि आईकडे बघितलं. टोप्यांच्या वायरी एकमेकींत अडकल्या, एक चकती उडून पलंगाखाली गेली. हजारो रुपयांची चकती, आणि मला तिच्याकडे बघायलाही सुचलं नाही.

"कवापासून?" आईनं विचारलं. रडत नव्हती आता.

"हळूहळू कमी झालं. आता फार नाही येत. कानाशी ओरडलं तर आवाज कळतो, शब्द कळत नाहीत," आण्णा म्हणाले. "तोंड दिसलं की अर्धंनिम्मं कळतं."

"अन् मला सांगितलं न्हाय?"

ते तिच्या ओठांकडे बघत होते. प्रश्न पोचायला जरा वेळ लागला.

"सांगितलं असतं तर तू बोलायची बंद झाली असतीस. बहिऱ्याशी कोण बोलत बसतं? माझ्या बापाशी कुणी बोलत नव्हतं शेवटी. ताट सरकवायचे फक्त. म्हटलं, हूं म्हणत राहिलं तर ही बोलत राहील."

मला वाटलं आता आई विरघळेल. आईला मी इतक्या वर्षांत ओळखतच नव्हते. ती अशी भडकली की टोपी काढताना तिनं पट्टाच तोडला.

"उभ्या गल्लीला सांगितलं म्या, मास्तर माझं ऐकत न्हाईत म्हणून! आता काय तोंड दाखवू? दवाखान्यात जायचं सोडून हूं हूं करायला शरम न्हाय वाटली? अन् तू गं," ती माझ्याकडे वळली, "तू मेंदूची डॉक्टर ना? दर सुट्टीला येतीस. तुला बापाचे कान दिसले न्हाईत?"

मी मेंदूची तसली डॉक्टर नाही, हे सांगायची ती वेळ नव्हती. केसांतल्या लगद्यासकट ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं भांडी आपटायला सुरुवात केली. आण्णांना ते ऐकू आलं नाही. मला आलं.

रात्री बाईंना त्या जोडीचं कळवलं. त्या म्हणाल्या, ऐकणाऱ्याला नीट ऐकू आलं पाहिजे ही प्राथमिक अट आहे, ती जोडी बाद कर, आणि कान आधी का तपासले नाहीस? मी बाद केली. बाद करण्याआधी दोघांचे आलेख एकाखाली एक लावून बघितले, हे बाईंना सांगितलं नाही. काय दिसलं ते इथंही सांगणार नाही. एका जोडीवरून काही कळत नाही, हे मी आईला घसा फोडून सांगितलं होतं, आता स्वतः कशी फिरू?

त्या खेपेला आई पुण्याला आली नाही. कानाचं मशीन बसेपर्यंत कशी येऊ, म्हणाली. बार्शीला कानाच्या दवाखान्यात खेपा सुरू झाल्या. पण बॅग कपाटाशेजारी तशीच होती. त्या दुपारी पाठमोरं बसून ती काय म्हणाली होती ते तिनं पुन्हा काढलं नाही, आणि आण्णांना ते माहीतच नव्हतं.

दिवाळीला गेले तर घरात नुसती कटकट. आण्णांना ऐकू यायला लागलं होतं आणि जगातली कुठलीच गोष्ट त्यांना पसंत नव्हती. कुकरची शिट्टी फार मोठी. फटफटी फार मोठी. आई काही सांगायला लागली की मध्येच तोडून, "असं नाही, तो मंगळवार नव्हता," म्हणून दुरुस्ती करायचे. आई वैतागली होती.

"पहिलं बरं होतं," ती मला म्हणाली. "हूं म्हणायचे नुसतं. एक गोष्ट पुरी करू देईनात आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा माझ्याजवळ येऊन बसले. आई आत कसलंतरी आवरत होती.

"त्या टोपीच्या वेळी," ते म्हणाले, "ती रडत होती. मी वळलो तेव्हा डोळे ओले होते तिचे. काय म्हणाली होती?"

"आईला विचारा."

"विचारलं. म्हणते, कांद्याचं बोलत होते."

मी चहाचा कप उचलला.

"कांद्यावर कुणी रडत नाही. चिरल्याशिवाय." ते थांबले. "तुझ्याकडे आवाज असेल ना त्याचा."

होता. भाग घेणाऱ्यानं स्वतःचं ध्वनिमुद्रण मागितलं तर द्यायचं, असा आमचा नियमच आहे, आणि नियम पाळायची मला हौस फार. मी लॅपटॉप उघडला. त्यांनी कानातलं मशीन बोटानं घट्ट दाबलं आणि पुढे वाकले. कांदा झाला, दळण झालं. मग आईचा तो दुसरा आवाज आला. मी त्यांच्याकडे न बघता पडद्याकडे बघत राहिले. जाऊ नको म्हणा, एवढंच म्हणा. आणि पाठोपाठ त्यांना त्यांचा स्वतःचा हूं ऐकू आला, गोड, समाधानी. मग पुढचे, कुणीच बोलत नसतानाचे, सगळे. मी बंद करायला हात पुढे केला तर त्यांनी तो धरला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

मग ते उठले. आई दळणाचा डबा कमरेवर घेऊन दारातून बाहेर पडत होती. आण्णांना अजून आपला आवाज किती मोठा आहे याचा अंदाज येत नाही. वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जावं तसे ते ओरडले.

"जाऊ नको!"

समोरच्या घरातलं कुणीतरी दारात येऊन बघायला लागलं.

"अहो, दळण आणायला चाललेय," आई म्हणाली. "कुठं जाऊ नको?"

"पुण्याला. जाऊ नको तू."

आई दारातच उभी राहिली. मग तिची नजर त्यांच्या मागं माझ्यावर आली, माझ्यापुढच्या उघड्या लॅपटॉपवर आली.

"तुला कुणी सांगितलं होतं गं चोंबडेपणा करायला?" ती माझ्यावर खेकसली. तिनं पदरानं चेहरा पुसला, डबा कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतला आणि आण्णांना ऐकू जावं म्हणून, की गल्लीला जावं म्हणून, मोठ्यानं म्हणाली, "न्हाय जात. ती बॅग तेवढी माळ्यावर टाका. माझा हात पुरत न्हाय."

आणि ती दळण आणायला गेली.